अप्पांचा कपड्यांचा रहाट

विहिरीतून पाणी काढायला रहाट लागतो, हे साऱ्या रत्नागिरीला ठाऊक होतं. धोतरातून पाणी काढायला रहाट बसवणारा माणूस मात्र आमच्याच आळीत निघाला, आणि तोही नेमका माझ्या गडग्यापलीकडे.

अप्पा म्हणजे पेन्शनीत निघालेले कारकून. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण आक्का, दोघंच. एका आषाढात त्यांनी पडवीत जुना रहाट उभा केला. चाकांना कामट्या ठोकून पिंपासारखा पिंजरा केला, खाली नारळाच्या सोडणांचा विस्तव घातला नि बाहेर दांडा काढला. ओले कपडे आत टाकायचे आणि दांडा फिरवत बसायचं.

"अहो, विस्तवावर टोपली पालथी घाला नि वर कपडे पसरा. सारं गाव तेच करतं," मी म्हटलं.

"आणि परतायचे कुणी? हात लागतो. हात लागता कामा नये."

हे त्यांचं पालुपद. धुराचं विचारलं, तर म्हणाले, "धूर हलका हो. जायचा आपला वर."

कसला जातोय? घर कोंदलं. मग घासलेटचे डबे कापून अप्पांनी नळी केली. ती पश्चिमेला काढली, तर समुद्रावरचा वारा सगळा धूर परत घरात ढकली. म्हणून पूर्वेला काढली. पूर्वेला माझी ओटी.

माझं धोतर, पंचा, एवढंच काय, पानाच्या डब्यालासुद्धा धुरीचा वास येऊ लागला. कचेरीत एकाने साहेबांदेखत विचारलं, "घरी बाळंतीण आहे वाटतं?" मी पन्नाशी उलटलेला माणूस!

"अप्पा, नळी वाकवा."

"वाकवली की धूर तुंबतो."

"मग उंच करा."

"मग पाऊस विस्तवावर. तुम्हीच ओटी का फिरवून घेत नाही?"

एका सकाळी माझं डोकं फिरलं. नळी उपटायचीच, म्हणून गडगा ओलांडून भिजत त्यांच्या पडवीत शिरलो. अप्पा रहाटापाशी होते. तेवढ्यात आतून आक्का आली, सोवळ्याचं लुगडं नेसून.

आक्काचा स्वयंपाक सोवळ्यातला. धुतलेल्या लुगड्याला कुणी शिवायचं नाही, आणि पावसात ते वाळायचं नाही. सोवळ्याला चालणाऱ्या लोकरीच्या धाबळीने तिच्या अंगावर गांधी उठत. म्हणून साठी उलटलेली ती बाई पाऊसभर ओलंच नेसून चुलीपुढे बसायची. विस्तवापाशी वाळवत बसावं, तर धुराने खोकला वाढायचा. गेल्या पावसाळ्यात तर वैद्यांनी नुसती मान हलवली होती. आता लुगडं तीच काठीने पिंजऱ्यात टाकी, तीच काठीने काढी. मधे दांडा तेवढा भावाचा.

तिने पदर गालाला लावला. "गोंद्या, ऊन आहे रे अजून. किती वर्षांनी पावसात कोरडं नेसले."

अप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, उपरण्याने डोळे पुसले नि मला म्हणाले, "धूर फार झालाय हो आज."

पडवीत धुराचा मागमूस नव्हता. तो सगळा माझ्या ओटीवर होता.

"हो, फार झालाय," मी म्हटलं.