स्वच्छ आलेख

दुपारी सव्वादोनला प्रयोगशाळेच्या अंधारात ठिपकेबाई "आलं!" म्हणून ओरडल्या आणि उठताना त्यांचं डोकं वरच्या फळीवर आपटलं. तरी त्या हसतच होत्या.

ठिपकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाच वर्षं त्या एकच ठिपका शोधत होत्या म्हणून सहकाऱ्यांनी ते पाडलं, आणि पुढेपुढे त्या स्वतःच फोनवर "हां, ठिपकेबाई बोलतेय" म्हणू लागल्या. काम असं, की तीन अणूंच्या जाडीचा अर्धवाहकाचा पापुद्रा सूक्ष्म खांबांवर चादरीसारखा अंथरायचा. खांबाच्या टोकावर तो ताणला जातो, आणि तिथून प्रकाशाचा एका वेळी एकच कण बाहेर पडावा, अशी अपेक्षा. पापुद्र्याने ती कधी मनावर घेतली नव्हती. तो फाटायचा, गुंडाळायचा, नाहीतर चक्क हरवायचा. एकदा ठिपकेबाईंनी तीन दिवस ज्या चमकत्या ठिपक्याचा अभ्यास केला, तो त्यांच्याच स्वेटरचा धागा निघाला होता.

आजचा ठिपका मात्र खांबावर होता. कण एकेकटाच येतोय का, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. येणाऱ्या उजेडाला अर्धपारदर्शक आरशाने दोन वाटा काढून द्यायच्या आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला एक डिटेक्टर ठेवायचा. कण एकच असेल तर तो एका वेळी एकाच डिटेक्टरला सापडणार, दोन्ही एकदम वाजणार नाहीत. दोन्ही एकदम वाजले तर त्याची नोंद आलेखाच्या मधोमध होते, मागेपुढे वाजले तर दोन्ही बाजूंना. आणि गेल्या तासाभरात ते एकदाही एकदम वाजले नव्हते.

"सर, शून्य!"

सहसा खुर्ची न सोडणारे विभागप्रमुख सर उठून उभे राहिले. "इतका स्वच्छ आलेख मी जन्मात पाहिला नाही," म्हणाले आणि तडक संचालकांकडे गेले. संचालकांना दुसऱ्या दिवशी अकराला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवंच होतं. तासाभरात प्रयोगशाळेच्या दारावर ठिपकेबाईंच्या नावाचा फलक लागला.

ठिपकेबाईंनी नवऱ्याला फोन केला, नवऱ्याने आईला, आणि सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत इमारतीतला एकही मजला सोडला नाही. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलंच.

"सासूबाई सांगत होत्या, उजेडाचा कण पकडलात म्हणे!"

"हो ना. एकच कण."

"पाच वर्षांत एकच?" काकू कळवळल्या. "मिळतील हो अजून. धीर सोडू नका."

सकाळी नऊला ठिपकेबाई यंत्रावरची धूळ पुसायला गेल्या, आणि दुसऱ्या डिटेक्टरवर त्यांना काळं झाकण दिसलं. परवा भिंग पुसताना त्यांनी स्वतःच लावलेलं. त्यांनी कालचा आलेख उघडला. मधोमध शून्य होतं. डावीकडेही शून्य होतं आणि उजवीकडेही. आलेख स्वच्छ होता, कारण तो रिकामा होता. पाच वर्षं वाट पाहिलेलं मधलं शून्य दिसल्यावर आजूबाजूला कोण बघतं? 'शास्त्रज्ञ बघतात,' असं त्यांनी मनातल्या मनात स्वतःलाच सुनावलं.

"झाकण म्हणजे कितपत झाकण?" सरांनी विचारलं.

"पूर्ण, सर."

"मग त्या डिटेक्टरने काहीच मोजलं नाही?"

"म्हणूनच तर दोन्ही एकदम वाजले नाहीत."

सरांनी आलेखाच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. "मीसुद्धा फक्त मधलंच बघितलं," ते हळूच म्हणाले. बाहेर बुटांचे आवाज यायला लागले, तसे ते घाईने कुजबुजले, "यंत्र बिघडलंय म्हणून सांगू या?"

ठिपकेबाईंना मोह झाला. अगदी 'य'पर्यंत ओठ आलेही. पण त्यांच्या तोंडून निघालं, "यंत्र ठणठणीत आहे, सर. बिघडलेय ती मीच."

संचालकांबरोबर तीन पाहुणे आत आले. सर्वांत पुढे पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. दूरच्या विद्यापीठात त्याही हेच काम करत होत्या. ठिपकेबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं, सगळ्यांदेखत झाकण काढलं, दिवे मालवले आणि मोजणी सुरू केली. दोन मिनिटांत दोन्ही डिटेक्टर एकदम वाजू लागले. कण एकेकटे कसले, घोळक्याने येत होते. दिवे लागले तेव्हा संचालक दारावरच्या फलकाचे खिळे न्याहाळत होते.

प्राध्यापिकांचं लक्ष मात्र आलेखातच होतं. "मधे शून्य होतं?"

"हो."

"आणि दोन्ही बाजूंना?"

"तिथेही. काचेसारखा स्वच्छ होता आलेख."

प्राध्यापिकांनी पर्समधून फोन काढला आणि त्या कोपऱ्यात गेल्या. खोली एवढीशी, कोपऱ्यातलं सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"अगं, मी बोलतेय. आपला गेल्या आठवड्यातला आलेख... हो, तोच, सुंदरवाला. तुझ्यासमोर आहे का? त्याच्या दोन्ही बाजूंना काय दिसतंय गं?"

पलीकडून उत्तर आलं. प्राध्यापिकांनी डोळे मिटले.

"बरं. आता उठ आणि दुसऱ्या डिटेक्टरजवळ जा. मी थांबते."

ठिपकेबाईंनी खोलीतली एकुलती एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा," त्या म्हणाल्या. "झाकण काळं असतं. सापडायला थोडा वेळ लागतो."