केशवरावांचे सात शब्द

१९५६ च्या ऑक्टोबरात, मध्य भारत राज्य संपायला थोडेच आठवडे उरले असताना, केशवराव निगुडकरांनी डॉक्टरांच्या अकरा ओळींच्या इंग्रजी पत्राचं जर्मन भाषांतर पाच वेळा केलं आणि पाचही वेळा फाडलं.

केशवराव उज्जैनच्या वीजघरात पत्रव्यवहाराचे कारकून. फ्रीगंजमध्ये आमच्या शेजारी राहायचे. वीजघरातलं इंजिन जर्मन होतं. ते बसवायला लढाईच्या आधी आलेल्या फिटरकडून केशवराव जर्मन शिकले. साहेबांची इंग्रजी पत्रं जर्मनमध्ये करून कंपनीला पाठवणं हे त्यांचं काम.

त्यांच्या खिशात एक वही असे. इंग्रज माणूस गोष्ट लहान करून सांगायला जे शब्द वापरतो, स्लाइट, रादर, समव्हॉट असे एकूण सात, ते डावीकडे. उजवीकडे त्यांच्या वजनाचे जर्मन शब्द: लाइश्ट, त्सीमलिश, एत्वास. वहीला कारण होतं. एकदा साहेबांनी लिहिलं, इंजिनात 'समव्हॉट' वेगळा आवाज येतोय. केशवरावांनी तसंच्या तसं 'एत्वास' लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं, आवाज वाढला की कळवा. ते उत्तर फायलीला लागेपर्यंत इंजिनाचा दांडा तुटला आणि गाव आठवडाभर कंदिलावर आलं. साहेब ओरडले. केशवराव म्हणाले, "जर्मन माणूस लिहिलेलं खरं धरतो. माझ्या पदरचा एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही."

तेव्हापासून पुराव्याला ही वही खिशात आली, आणि "म्हणजे नक्की किती?" हा प्रश्न त्यांच्या तोंडी बसला. टावर चौकात भाजीवाली म्हणाली, "भिंडी थोड़ी कड़क है, बाबूजी."

"थोड़ी माने कितनी?"

"खाओगे तो पता चल जाएगा."

मीही सुटलो नव्हतो. 'शिप्रेच्या पाण्यात किंचित वाढ' अशी बातमी मी दिली, त्या सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन दारात उभे. "बातमीदार, राम घाटावरची देवळं पाण्यात आहेत. किंचित?" नव्या राज्यात कचेऱ्या राजधानीला हलतील, कर्मचाऱ्यांची 'स्लाइट' गैरसोय होईल असं परिपत्रक आलं, तेव्हा त्या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: भोपाळ.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दसऱ्याच्या आधी धाप लागू लागली. मुलगा वसंता त्याच कंपनीत, जर्मनीला, शिकायला गेला होता. रजा हवी तर डॉक्टरांचं पत्र जर्मनमध्ये द्या, असा कंपनीचा नियम. डॉक्टरांनी लिहिलं: हृदय 'स्लाइट' वाढलेलं, प्रकृती 'रादर' अशक्त, श्वासाचा 'समव्हॉट' त्रास.

केशवराव मला घेऊन दवाखान्यात गेले. पत्र टेबलावर ठेवलं.

"डॉक्टरसाब, ये स्लाइट माने कितना?"

"निगुडकर साब, सर्टिफिकेट में ऐसे ही लिखते हैं. अंग्रेज़ी की आदत है."

"मगर कितना?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "लड़के को बुला लो," ते म्हणाले.

"तो वही लिख दीजिए."

"लिखूँगा तो भाभीजी पढ़ लेंगी. उन्हें अंग्रेज़ी आती है."

काकूंनी पत्र खरंच वाचलेलं होतं. आम्ही घरी आल्यावर त्या आतून म्हणाल्या, "अहो, जरा थकवा आहे एवढंच लिहा हो. त्याची परीक्षा बुडेल."

"परीक्षा पुढच्या वर्षीही असते," केशवराव म्हणाले.

"आणि मी?"

केशवराव चष्मा पुसत राहिले.

पाच मसुदे त्यानंतर फाटले. सहावा त्यांनी रविवारी दुपारी माझ्याकडे आणला. रिवाज ठरलेला होता: मी इंग्रजी एकेक ओळ वाचायची, त्यांनी जर्मन. मला जर्मन येत नाही, पण इतक्या वर्षांत ते सात शब्द कानांना ओळखीचे झाले होते. मी 'स्लाइट' वाचलं. 'लाइश्ट' आला नाही. 'रादर' वाचलं, 'त्सीमलिश' आला नाही. 'एत्वास'ही आला नाही.

"केशवराव, तीन शब्द राहिले."

"राहिले नाहीत," ते म्हणाले. "पुढची ओळ वाचा."

मी वाचली. त्यांनी पाकीट बंद केलं, आणि टपालात मी टाकावं म्हणाले. वही त्या दिवशी त्यांच्या खिशात नव्हती.

कंपनीचं उत्तर तारेने आलं: रजा मंजूर.

वसंता नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बोटीने मुंबईला उतरून, उज्जैनला पोहोचला. मी त्याची ट्रंक आत नेली. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"जरा वाळलायस," त्या म्हणाल्या.

केशवराव दारात उभे होते. त्यांनी किती ते विचारलं नाही.