उष्टा तोबरा

दोस्तांच्या प्रवासाचा सिनेमा बघून आलात तुम्ही, आणि गोष्ट सांगायला बसवलंय मला. गुडघे दुखतात माझे. आता मधे बोलू नका.

एका जंगलाच्या कडेला घोड्यांचा तबेला होता. तिथल्या तरण्या घोड्याचं नाव जयवंत. मागच्या उकिरड्यावर धोंडू गाढव राहायचा. दोघं एका वयाचे.

एकदा जयवंत म्हणाला, "धोंडू, मला स्वतःला शोधायचंय. चल, समुद्र बघू."

"तू तर हा काय समोर उभा आहेस," धोंडू म्हणाला. तरी निघाला. सामान त्याच्याच पाठीवर. ओझं असलं की घोड्याला अनुभव नीट घेता येत नाही म्हणे.

चारा खायचा तोबरा एकच. आधी घोडा तोंड घाली, मग गाढव. पुढे पुढे आधी कोण, हेही राहिलं नाही. जयवंतचा ऊर भरून आला.

"घरी गेलो की असंच खायचं. तबेल्यात, सगळ्यांसमोर. शब्द आहे माझा."

त्या शब्दावर धोंडू पुढची वाट चालला.

नदीवर चंद्री भेटली. जातीनं खेचर. आई घोडी, बाप गाढव. दोघंही पाघळले. ती हसायची मात्र धोंडूच्या बोलण्यावर. जयवंतनं खाणं सोडलं. मित्र उपाशी बघवेना, म्हणून धोंडू आपण होऊन बाजूला झाला.

चंद्री म्हणाली, "माझा बाप असाच होता."

मग जयवंतला आठवलं, की घरी खेचर चालणार नाही. चंद्रीला नदीवरच सोडताना तो रडला. रडताना फार देखणा दिसला.

समुद्र बघितला. खारट होता. परत आले.

तबेल्यात जयवंत मैत्रीवर असा बोलला, की म्हाताऱ्या घोड्यांचे डोळे पाणावले. धोंडू दारात उभा, सामान अजून पाठीवर. तेवढ्यात जयवंतच्या आईनं तोबरा हुंगला.

"ह्याला कुणाचं तोंड लागलंय?"

धोंडूनं मित्राकडे बघितलं.

जयवंत म्हणाला, "वाटेत कुणीतरी लावलं असेल, आईसाहेब."

तोबरा उकिरड्यावर फेकला. धोंडूचं घर तिथंच, म्हणून तो त्यालाच मिळाला. रिकामा होता.

तात्पर्य: प्रवासानं मैत्री किती घट्ट होते, हे घोड्याला विचारावं. गाढवाला विचारू नये. त्याला अजून सामान उतरवायचं असतं.

झाली गोष्ट. उठा आता. आणि वाड्यावर कुणी जाणार असाल, तर सांगा, हा म्हातारा अजून जिवंत आहे, माफी मागायला वेळ गेलेली नाही. कुणाला म्हणून काय विचारता? जयसिंगराव इनामदाराला.