बिघडल्या बांगड्यास शिक्का जाहला त्याची हकिकत

श्री अन्नपूर्णा साक्ष असे. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पंचमीपासून समुद्रकाठच्या एका राज्यी जे घडले, ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे.

त्या राज्यी किरणशाळा म्हणोन कारखाना होता. जाड भिंतीआड धातूची कांडी ठेविली होती, तिचे किरण बंद खोक्यांतील अन्नावर पाडीत, आणि जंतू मरत, आणि कांद्यास मोड येत नसत, आणि किरण अन्नात मागे उरत नसत. शाळेचे मुख्य राजश्री विसाजी रंगनाथ. त्यांनी बारा वर्षे गावोगाव फिरोन लोकांची भीती घालविली होती, आणि त्यांच्या सहीखेरीज कोणत्याही खोक्यावर हिरवा शिक्का उमटत नसे. कायदा ऐसा की, चांगलाच माल किरणांखाली घालावा, बिघडलेला घालू नये. तो मसुदा विसाजीपंतांच्याच हातचा.

मग पंचमीस तुफान जाहले आणि चार गावे बुडाली आणि दोन हजार माणसे छावणीत आली, आणि धान्याच्या गाड्या घाटात अडकोन पडल्या. बंदरच्या वखारीत खारवलेला सुका बांगडा होता, त्यात तीन दिवस पाणी शिरले होते. तोच माल कारभारी शिवदेव मल्हार यांनी किरणशाळेस पाठविला आणि दोन प्रहरी छावणीत पोचता करावा म्हणोन सांगितले. माल निवडावयास आनंदीबाय म्हणोन कोळीण होती, पंतांच्या हाताखाली नऊ वर्षे राबलेली. तिने एक तुकडा जिभेस लावोन थुंकिला आणि बोलिली, "सायेब, यो बांगडा जिभेला चुरचुरतंय. यो गेला."

विसाजीपंत तडक कारभाऱ्यांकडे गेले आणि माल परत न्यावा म्हणाले. कारभारी रागास आले नाहीत. त्यांनी पंतांस खिडकीशी नेले, खाली छावणीत भुकेली पोरे रडत होती ती दाखविली, आणि शांतपणे बोलिले, "किरणांनी जंतू मरतात हे तुम्हीच दरबारी सांगत आलात. मग मारा."

विसाजीपंतांस उत्तर ठाऊक होते. जंतू मरतील, परंतु त्यांनी माशात आधीच करोन ठेविलेले विष किरणांनी जात नाही. ते बोलावयास तोंड उघडिले, आणि खालचा आवाज कानी आला, आणि शब्द फुटला नाही. मग मनाची समजूत घातली की, मात्रा अंमळ वाढवोन द्यावी, काही होणार नाही. आणि सही केली.

छावणीत जेवणे होऊन अर्धी घटका लोटली नाही तोच माणसांची तोंडे लालभडक जाहली, अंगावर गांधी उठल्या, ओकाऱ्या सुरू जाहल्या. साठ माणसे निजली. एकोणसाठ उठली; एक म्हातारी छातीची दुबळी होती, ती गेली. लोकांनी लाल तोंडे पाहोन म्हटले की, किरणांनी आतून भाजले. आणि ती बोली दोन दिवसांत राज्यभर पसरली.

मग दरबार भरला. विसाजीपंत उभे राहोन बोलिले, "किरणांचा दोष नाही. माल बिघडला होता, मला ठाऊक होते, आणि सही माझी आहे." कारभाऱ्यांनी ते कागदी येऊ दिले नाही, कारण किरण दोषी ठरले म्हणजे माल पाठविणारी माणसे सुटत होती. किरणशाळेस कुलूप पडले आणि विसाजीपंतांस शाल देऊन निरोप दिला. त्यांनी शिक्षा मागितली, ती मिळाली नाही.

पंत कोळीवाड्यात गेले, तेथे कळले की मेली ती आनंदीबायची थोरली बहीण. बाय जाळे विणीत होती. तिने बसावयास पाट दिला आणि पुन्हा जाळे हाती घेतले. मग बोलिली, "म्यां तिला सांगाया गेले नाय. मनलं, सायबांनी सही केली, तं पुन्ना तपासूनच केली आसंल."



सारांश, त्या राज्यी पुढे मसाल्यास कीड लागली, वसतिगृहांत जंतू लागल्या अन्नाने मुले आजारी पडली, आणि कोणी किरणशाळेचे नाव काढिले नाही. विसाजीपंत मरेतो गावोगाव फिरोन किरण निर्दोष असे सांगत राहिले. लोक त्यांस पाणी देत, ऐकोन घेत, आणि विश्वास ठेवीत नसत. इति.