भिकोबाने खाल्लेली चार पानं

एका जंगलात, म्हणजे शाळेच्या सहली डबे खायला जातात तेवढ्याच घनदाट जंगलात, भिकोबा नावाचा एक वानर राहायचा. एकदा त्याने सहलीतल्या कुणाची तरी पिशवी पळवली. आत निघाले डबाभर कांदेपोहे आणि पक्षी ओळखायचं चित्रांचं पुस्तक. पोहे त्याने खाल्ले. पुस्तकाच्या पहिल्या चार पानांना पोह्यांचं तेल लागलं होतं, तीही खाल्ली. वाया कशाला घालवायची, नाही का? उरलेलं पुस्तक काखोटीला मारलं आणि त्या दिवसापासून भिकोबा पक्षितज्ज्ञ झाला.

हे वाघोबा महाराजांच्या कानावर गेलं. त्यांनी लगेच हुकूम काढला, की भिकोबाने जंगलातल्या सगळ्या पक्ष्यांची यादी करावी आणि ज्याचं नाव यादीत नसेल त्याने अमावास्येच्या आत चालतं व्हावं. का, ते विचारू नका. यादी केली की कुणाला तरी घालवावंच लागतं, एवढं तुम्हालाही कळतं, बाळांनो.

भिकोबाच्या झाडाखालीच करवंदीची जाळी होती. तिच्यात ठकू बुलबुलीचं घरटं होतं आणि घरट्यात तीन अंडी. ती काही उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. ठकू बिचारी सकाळीच रांगेत जाऊन उभी राहिली.

भिकोबाने पुस्तक तीनदा चाळलं. ठकू कुठेच नव्हती. असणार कशी? चिमणी, कावळा, साळुंकी, बुलबुल ही रोज दिसणारी मंडळी पहिल्या चार पानांवर होती आणि ती पानं पोह्यांबरोबर गेली होती.

“अहो भिकोबादादा, तीन वर्षांचा शेजार आपला,” ठकू म्हणाली. “रोज सकाळी तुम्हाला उठवतं कोण?”

“तूच उठवतेस, ठकूताई. मी कुठे नाही म्हणतोय?” भिकोबा कळवळून म्हणाला. “पण ओळख असणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. पुस्तकातच नाहीस, त्याला मी काय करू?”

मागे उभा असलेला कावळा हे ऐकून भांडायलाच बसला. ठकूला भांडायला सवड नव्हती, अंडी गार होत होती. तिने गोड बोलून भिकोबाला पुस्तकातली चित्रं दाखवायला लावली. शेवटच्या पानावर एक पांढराशुभ्र, तुरेवाला पक्षी होता. हिमतुरा म्हणे. बर्फात राहतो, आपल्याकडे कधी फिरकलेला नाही. आता तुरा तर ठकूलाही होता.

ती तडक सहलीवाल्यांनी मांडलेल्या चुलीपाशी गेली, गार राखेत मनसोक्त लोळली आणि पुन्हा रांगेत येऊन उभी राहिली.

भिकोबाच्या डोळ्यांत पाणीच आलं. हिमतुरा, आणि आपल्या जंगलात! शेपटीखाली जरा लाल दिसतंय, ते थंडीने झालं असेल.

“आवाज अगदी आमच्या ठकूसारखा आहे,” तो जमलेल्यांना म्हणाला. “पण ठकू पुस्तकात नाही. तेव्हा ही ठकू असणं शक्यच नाही.”

वाघोबांनी करवंदीच्या जाळीला पहारा बसवला. रानमांजराला तिकडे बघायचीही बंदी झाली. हे पाहून कावळ्याने भांडण आवरतं घेतलं आणि तोही चुलीकडे गेला. त्याच्यामागून साळुंक्या गेल्या, चिमण्या गेल्या. अमावास्येपर्यंत जंगलात दोनशे सदतीस हिमतुरे झाले. एवढे हिमालयातही नसतील, असं वाघोबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले.

यथावकाश ठकूची तिन्ही पिल्लं बाहेर आली. त्या आनंदात ती एका सकाळी पोटभर गायली. भिकोबा जागा झाला आणि कितीतरी वेळ खाली बघत बसला.

“बाईसाहेब, तुमच्या आधी इथे एक बुलबुल राहायची,” तो म्हणाला. “साधीच होती, पण फार माया होती हो तिला. कुठे गेली असेल?”

ठकूला भरून आलं. तिने एक पिकलेलं करवंद त्याच्याकडे भिरकावलं आणि ती पिल्लांना राख लावायला बसली.

तात्पर्य : आपण जसे आहोत तसंच राहावं, बाळांनो. फक्त त्याआधी आपलं पान कुणी खाल्लेलं नाही ना, तेवढं बघून घ्यावं.