कीटक निवारण समितीचं यश

एका जंगलात एक शाळा होती, मुलांनो. शाळेला छप्पर नव्हतं, पण स्नेहसंमेलन दरवर्षी व्हायचं. हसू नका. तुमच्या शाळेचं छप्पर मी पाहिलं आहे.

या शाळेत टिपरी नावाची खार पहिलीत होती. यंदा तिचा नाच होता, एकटीचा. आईने चिंचेच्या पाल्याची झालर लावून परकर शिवला होता. टिपरी तो झोपतानासुद्धा काढत नव्हती.

मुलांचे नाच मात्र प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर, अशी रीत होती. प्रमुख पाहुणे दरवर्षी गजराव हत्तीच. ते दुपारची वेळ देत आणि दिवेलागणीला येत. मग कंदील लागत. कंदील लागले की किडे येत.

गेल्या वर्षी गजराव "शिक्षण म्हणजे" एवढंच बोलले आणि एक भुंगेरा थेट त्यांच्या सोंडेत शिरला. गजराव शिंकले. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या उडाल्या. "असो," म्हणून ते खाली बसले. मग मुलं अंगावरचे किडे झटकत नाचली, पण नाचली.

मुख्याध्यापक अस्वलसरांना ती शिंक फार लागली. यंदा त्यांनी आधीच सभा बोलावली.

"एकही किडा दिसता कामा नये," ते म्हणाले. "शाळेची अब्रू जाते."

साळिंदरबाई म्हणाल्या, "सर, दिलेल्या वेळेला सुरू करू या ना. दिवसाउजेडी सगळं उरकेल. कंदीलच लागणार नाहीत."

"पाहुण्यांशिवाय?"

"ते आले की बसतील."

"बाई नवीन आहेत," अस्वलसर म्हणाले आणि त्यांनी कीटक निवारण समिती नेमली.

समितीने मनापासून काम केलं. मैदानाच्या चारी कोपऱ्यांत कडुनिंबाचा ओला पाला पेटवला. धूर असा झाला की किडे सोडाच, स्टेजही धड दिसेना. गजराव आले, हार घालून घेतला, बोलायला उभे राहिले. एकही किडा फिरकला नाही.

धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागले. हरणांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कोल्हा उपरण्याने डोळे टिपू लागला. गजराव उंच असल्यामुळे त्यांचं डोकं धुराच्या वर होतं. त्यांना फक्त आसवं दिसली.

"मी थोडक्यात आटोपणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्हाला इतकं गहिवरलेलं पाहून माझं बालपण सांगितल्याशिवाय राहवत नाही."

हत्तीचं बालपण मोठं असतं, मुलांनो.

पडद्यामागे टिपरी आईला बिलगून उभी होती. झालरीचा पाला सुकून गळायला लागला होता.

"आई," तिने विचारलं, "किडे कधी गं येणार?"

आईसुद्धा त्यांचीच वाट पाहत होती.

किडे आले नाहीत. गजराव तारुण्यात पोचले तेव्हा टिपरी आईच्या शेपटीत तोंड खुपसून झोपली होती. अस्वलसरांनी आभार मानले आणि वेळेअभावी पुढचे कार्यक्रम रद्द केले. समितीला शाल-श्रीफळ मिळालं. ती आता कायमची झाली आहे. मला त्या अस्वलाचा अजून राग येतो, पण ते जाऊ दे.

तात्पर्य: किडा दिसला की लगेच हाकलू नये. तो कोणाच्या सोंडेकडे निघाला आहे, ते आधी पाहावं.