पाठ टेकायची न्हाई

आमचे तात्या झोपतातसुद्धा कुशीवर. पैलवानाची पाठ जमिनीला लागली की कुस्ती गेली, हे त्यांनी इतकं मनावर घेतलंय की दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतही ते आडवे झाले नाहीत. ताठ बसूनच दाढ काढून घेतली.

तात्या माझे चुलत सासरे. कुस्ती सुटली, काकू गेल्या, पोरबाळ नव्हतंच. मग सांगलीला आमच्याकडे राहायला आले आणि माझ्या पाळणाघरात बसू लागले. मी म्हटलं, बसा, भाजी तरी निवडाल. कसलं काय! सतरंजीवर उताणी पडलेली तान्ही पोरं बघून त्यांचं तोंडच उतरलं.

"सूनबाई, ही समदी हारल्यात की."

"तात्या, तान्ही आहेत ती."

"म्हून काय झालं?"

तेव्हापासून पोरं जागी आणि खुशीत असली की तात्यांची तालीम सुरू. छातीखाली टॉवेलची गुंडाळी, पोर पालथं, समोर खुळखुळा. मान वर आली की तात्या शड्डू ठोकणार आणि पोरं खिदळणार. आत झोपलेली उठतात म्हणून मी कितीदा भांडले. ऐकतील ते तात्या कसले.

एकटा विहान हलेना. सहा महिने सरले तरी साहेब उताणे, मजेत. त्याची आई वैशाली एसटीत कंडक्टर. डॉक्टर म्हणाले होते, काळजी नको, खेळवत राहा. पण घरी सासू रोज टोचायची. एका सकाळी पोराला सोडताना दारातच तिचे डोळे भरले.

"तात्या, माझ्या पोरात काय खोट न्हाई ना? आन् पालथा पडला तरी मला कुठलं दिसतंय. मी तवा सातारच्या गाडीत."

ती गेल्यावर तात्यांनी पटका उतरवला आणि विहानशेजारी चक्क उताणे झाले. पाठ टेकून. माझ्या हातातलं दुधाचं भांडं पडता पडता राहिलं.

"बघ गड्या. आदी गुडघा वर. मग त्यो असा आडवा टाकायचा. मग खांदा." आणि तो अवाढव्य देह धप्पकन पालथा झाला. पुन्हा उताणा, पुन्हा पालथा. विहान टक लावून बघायचा, बोट चोखायचा. रोज हेच. तात्यांची कंबर धरली, पण माघार नाही.

मग एका दुपारी विहाननं पाय आडवा टाकला. खांदा अडला, कण्हला, लाल झाला, आणि झाला की पालथा! मान वर काढून असा बघतोय, जणू मानाची गदा यानंच पटकावली. मी ताट बडवलं, तात्यांनी त्याला खांद्यावर घेऊन घरभर मिरवलं. दोघंही रडत होतो. मी वैशालीला फोन लावणार, तोच तात्यांनी तो काढून घेतला.

"न्हाई. आपुन काय बी बघितलं न्हाई."

संध्याकाळी ती न्यायला आली तेव्हा माझी जीभ नुसती वळवळत होती. तात्या एवढंच म्हणाले, "आज घरी त्याला जरा खाली सोड. शेजारी बस."

आम्ही जेवायला बसलो आणि तिचा फोन आला. तिचा आवाज मला ताटावर ऐकू येत होता. "तात्या, पालथा पडला! पैल्यांदा, माझ्याच म्होरं!"

"काय सांगतीस." तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "नशीबवान हायस पोरी. आमी दिवसभर बसतोय, पर आमाला कुठं दावलं त्यानं."